पळेनासा झालेला बैल

भंडारा जिल्ह्यातील दिघोरी हे धानाच्या मुलखातले गाव. धान घरात आले की या झाडीपट्टीत गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा पट, रात्री नाटक. मध्यंतरी पट बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल ग्राह्य धरला. आता धुरकऱ्याने काठी मारायची नाही, आर टोचायची नाही.

सज्जनहो, हे बरेच झाले. पण इतकी वर्षे वाद चालला तो बैल पळवावा की न पळवावा याचा. पळेनासा झाल्यावर त्याचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही. जनावरांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील खटपटीचे फळ. त्याचे तिसरे कलम सांगते की, जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याच्या सुखाची वाजवी ती सारी तजवीज केली पाहिजे. त्यात 'पळतो तोवर' असे कुठे लिहिलेले नाही! आणि उपाशी ठेवले, वाऱ्यावर सोडले, तर पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात चार दिवसांचे तणस तरी येईल काय?

शेतकरी म्हणेल, "महाराज, चिखलणीला आता ट्रॅक्टर येतो. म्हाताऱ्या जोडीला घालू काय? २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे. ते ठीकच, पण बाजारात त्याला घेतो कोण?" त्याचे म्हणणे खोटे नाही. बैल मारू नये असे साऱ्यांनी मिळून ठरवायचे आणि त्याच्या म्हातारपणाचा चारा मात्र एकट्या गरिबाच्या गळ्यात घालायचा, हा न्याय मला पटत नाही. पटाच्या बक्षिसांसाठी गाव वर्गणी काढतोच ना? मग त्यातच दोन बंड्या तणसाचे पैसे का धरू नयेत?

गावाला सांगणे सोपे. आपण वारकरी तरी काय करतो? तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणाऱ्या नाथांची कथा सांगताना आपला कंठ दाटतो. माउलींच्या रथाला आपली जोडी लागावी म्हणून घराघरांत चढाओढ असते. त्या बैलांना हार, ओवाळणी, पाया पडणे. वारी सरते. चार वर्षांनी ती जोडी कोणत्या गोठ्यात आहे, हे बघायला कोण जातो? मी तरी अजून एकदाही गेलेलो नाही.