लेकरांचें भय व आईबापांचा शब्द

"रडूं नको, नाहीं तर डॉक्टर येऊन सुई टोंचील!" हा धाक ज्या घरीं कधींच ऐकूं आला नाहीं असें घर विरळा. मूल जेवीत नाहीं, झोंपत नाहीं, हट्ट करितें, तेव्हां आईबाप डॉक्टरास बागुलबुवाच्या जोडीस बसवितात. पुढें तेंच मूल तापानें फणफणलें म्हणजे त्यास त्याच डॉक्टरापुढें नेतात, आणि तें किंचाळूं लागलें म्हणजे त्याच्यावरच रागावतात. जें आपण पेरिलें तेंच उगवलें, यांत लेकराचा काय दोष?

दुसरी रीत याहून गोड दिसते. "चल, बाजारांत खाऊ घेऊं," असें सांगून मुलास दवाखान्यांत नेतात, आणि "मुळींच दुखणार नाहीं" अशी ग्वाही देतात. आतां प्रश्न असा कीं, लेकराच्या हितासाठीं खोटें बोलणें योग्य आहे काय? कित्येक म्हणतील, "हेतु चांगला, मूल अजाण, मग बिघडलें कोठें?" त्या दिवसाचें काम खोट्यानें लवकर उरकतें, हें खरें. परंतु लस एकदांच टोंचावयाची नसते. सरकारी वेळापत्रकाप्रमाणें जन्मल्याबरोबर, मग 6, 10 व 14 आठवड्यांनीं, 9 महिने पुरे झाल्यावर, दीड वर्षाच्या सुमारास, 5 वर्षांनंतर, आणि पुन्हां 10 व्या व 16 व्या वर्षीं ती घ्यावी लागते. पहिलें खोटें सुई टोंचतांच उघडें पडतें. मग पुढच्या खेपेस आईच्या शब्दावर मुलानें कसा विश्वास ठेवावा?

याचा परिणाम जिवावरहि बेततो. मुलास कुत्रें चावतें, आणि "पोटांत चौदा सुया" हें ऐकलेलें असल्यामुळें तें जखम लपवितें. वास्तविक पोटांत टोंचण्याची ती जुनी लस आपल्या देशांत सन 2005 पर्यंत बंद झाली. आतां लस दंडांत चार-पांच दिवशीं टोंचितात. जखमेंतून रक्त आलें असल्यास जखमेभोंवतींहि औषध टोंचितात. जखम लागलीच साबणानें व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुऊन दवाखान्यांत गेल्यास जीव वांचतो. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र बहुतेक इलाज चालत नाहीं. म्हणजे घरांतला धाक मुलास आईबापांपासूनच लपावयास शिकवितो.

मग करावें काय? मुलास पेलेल इतकें खरें सांगावें: "दुखेल, मग कमी होईल. रडूं आलें तर रड. मी तुला मांडीवर धरीन." जागतिक आरोग्य संघटनेनेंहि सन 2015 मध्यें हाच सल्ला दिला कीं, टोंचतांना मूल आईबापांनीं जवळ धरावें, तान्ह्यास पाजीत असावें, आणि खोटा दिलासा देऊं नये.

कोणी म्हणेल, "खरें सांगितल्यावर मूल येणारच नाहीं." तसें झाल्यास त्यास उचलून न्यावें; पण "दुखलें तरी हें घ्यावेंच लागेल," असें उघड सांगून न्यावें. उघड सक्तीनें मूल घटकाभर रुसतें. फसवणुकीची आठवण तें पुष्कळ दिवस बाळगतें. सुईची वेदना संध्याकाळपर्यंत ओसरते. पण आईबापांचा शब्द एकदां खोटा ठरला म्हणजे तो पुन्हां खरा करावयास वर्षें लागतात.