अंगणातील कावळ्याचा धडा

कसालच्या अंगणात कावळा उतरला की आपण त्यास चोर म्हणून हाकलितो. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात प्रभूने शिष्यांस कावळ्यांकडेच पाहावयास सांगितले आहे. त्याची बुद्धि पाहा. अमेरिकेतील सिएटल नगरात 2006 साली पक्षिशास्त्रज्ञांनी मुखवटे घालून काही कावळे धरिले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे ओरडून अंगावर येत; ज्यांस कोणी धरिले नव्हते ती पिलेही आईबापांपासून तो राग शिकली. आपली लेकरेही शत्रु कोण हे आपल्यापासूनच शिकतात. कावळा जिवाच्या भयाने अपकार स्मरतो. आपणांस तर क्षमेची आज्ञा आहे. यास्तव शेताच्या बांधावरून झालेले भांडण नातवांच्या वाट्यास ठेवू नका. आजच शेजाऱ्याच्या दारी जा.