प्रतिज्ञा आणि पद : तोमिइची मुरायामा यांच्या निर्णयाचा नैतिक विचार

प्रतिज्ञा पाळणे केव्हा सद्गुण ठरते आणि केव्हा नुसता हट्ट, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. परंतु ती प्रतिज्ञा एका व्यक्तीची नसून एका पक्षाची आणि त्या पक्षावर भिस्त ठेवून मते देणाऱ्या लोकांची असेल, तर ती मोडण्याचा अधिकार कोणाचा, हा अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. जपानच्या समाजवादी पक्षाचे अध्यक्ष तोमिइची मुरायामा (१९२४–२०२५) यांच्या कारकिर्दीत हा प्रश्न अगदी उघडपणे दिसतो, कारण ज्या पक्षाला विरोध करण्यात त्यांचे सारे राजकारण घडले, त्याच पक्षाच्या पाठिंब्यावर ते पंतप्रधान झाले.

क्यूशू बेटावरील ओइता येथे एका मच्छीमार कुटुंबात जन्मलेले मुरायामा विद्यार्थिदशेतच, १९४४ मध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीत ओढले गेले. युद्धानंतर ते नगरपरिषद आणि प्रांतिक विधानसभा अशा पायऱ्या चढत १९७२ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात पोहोचले. १९४७ मध्ये अमलात आलेल्या जपानी राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा आणि युद्धसामर्थ्य बाळगण्याचा त्याग केला आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेले ‘स्वसंरक्षण दल’ या कलमाचा भंग करते आणि अमेरिकेशी केलेला सुरक्षा करार देशाला पुन्हा युद्धाच्या वाटेवर नेतो, अशी समाजवाद्यांची धारणा होती. कोणत्याही लष्करी गटात सामील न होता शस्त्रांवाचून राहण्याच्या या भूमिकेला ‘निःशस्त्र तटस्थता’ म्हणत, आणि या पक्षाची ओळखच तिच्यावर उभी होती.

१९९३ च्या निवडणुकीत पक्षाचे संख्याबळ जवळपास निम्म्यावर, ७० जागांवर घसरले आणि सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद मुरायामांकडे आले. त्याच वर्षी ३८ वर्षांची सत्ता गमावलेल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने सत्तेवर परतण्यासाठी त्यांनाच पुढे केले. २९ जून १९९४ रोजी २६१ विरुद्ध २१४ मतांनी ते पंतप्रधानपदी निवडून आले. २० जुलै रोजी त्यांनी संसदेत स्वसंरक्षण दल घटनासंमत असल्याचे सांगितले आणि सुरक्षा करार कायम राहील असे आश्वासन दिले. पक्षाच्या अधिवेशनाने या बदलावर शिक्कामोर्तब केले ते त्यानंतर, सप्टेंबरमध्ये.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्ये म्युनिकमधील व्याख्यानात राजकारण्यापुढील दोन नीती सांगितल्या होत्या : परिणाम काहीही होवोत, तत्त्वाला चिकटून राहणारी ‘निष्ठेची नीती’ आणि कृतीच्या परिणामांचा भार स्वतः उचलणारी ‘उत्तरदायित्वाची नीती’. मुरायामांचे समर्थक दुसऱ्या नीतीचा आधार घेऊ शकतात, कारण हजारो सैनिकांच्या दलाचा सर्वोच्च अधिकारी त्याच दलाला बेकायदा म्हणू लागला, तर राज्यकारभार एक दिवसही चालणार नाही. मात्र या युक्तिवादातून एवढेच सिद्ध होते की ते पद स्वीकारल्यावर जुनी भूमिका टिकणे अशक्य होते. ते पद त्या अटीवर स्वीकारावे की नाही, हा आधीचा प्रश्न तो अनुत्तरित ठेवतो.

महाभारतात या पेचाच्या दोन्ही बाजू आहेत. भीष्म आपली प्रतिज्ञा अखेरपर्यंत पाळतो आणि तिची किंमत सारे कुरुकुल मोजते. शस्त्र न धरण्याचे वचन दिलेला कृष्ण मात्र रणधुमाळीत त्याच भीष्मावर धावून जातो, आणि वचनाची आठवण देऊन त्याला आवरतो तो अर्जुन. परंतु या दोन्ही प्रतिज्ञा ज्याच्या त्याच्या होत्या, त्यामुळे त्या मोडल्याचा दोषही त्याचाच ठरला असता. निःशस्त्र तटस्थता ही मुरायामांनी इतरांच्या वतीने सांभाळलेली ठेव होती, आणि ठेवीचा विश्वस्त ती धन्याला न विचारता खर्च करू शकत नाही, मग खर्चाचे कारण कितीही रास्त असो.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. जून १९९५ मध्ये युद्धाविषयीचा ठराव संसदेत आला तेव्हा अनेक सदस्य गैरहजर राहिले आणि ठराव मिळमिळीत झाला. त्यानंतर १५ ऑगस्ट रोजी मुरायामांनी मंत्रिमंडळाच्या एकमुखी मान्यतेने निवेदन केले आणि जपानच्या वसाहतवादी सत्तेने व आक्रमणाने आशियातील लोकांना भोगावे लागलेल्या यातनांबद्दल मनःपूर्वक क्षमा मागितली. त्या मंत्रिमंडळात लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे मंत्री बसलेले होते, म्हणूनच ही क्षमायाचना एका विरोधी पक्षाची न राहता राज्याची झाली आणि पुढच्या सरकारांना ती सहजी नाकारता आली नाही. निष्ठा गमावून मिळालेल्या पदाने त्याच निष्ठेचा गाभा, म्हणजे युद्धाच्या अपराधाची कबुली, राज्याच्या मुखातून वदवली.

तथापि या फळामुळे आधीचे ऋण फिटत नाही. जानेवारी १९९६ मध्ये मुरायामांनी राजीनामा दिला आणि नाव बदललेल्या त्यांच्या पक्षाला ऑक्टोबरच्या निवडणुकीत केवळ १५ जागा मिळाल्या. नवी मतदारसंघरचना आणि पक्षातील फूट यांचाही त्यात वाटा होता, त्यामुळे या पतनाला भूमिकाबदलाची शिक्षा मानणे घाईचे ठरेल. नैतिक दोष निवडणुकीच्या निकालावरून ठरत नाही आणि मत बदलण्यातही तो मुळात नाही, कारण विचारान्ती मत बदलणे हा विवेकाचा हक्क आहे. दोष क्रमात आहे : आधी पद, मग घोषणा आणि शेवटी सहकाऱ्यांची संमती असा क्रम झाला, की संमतीला नकार देण्याची जागाच उरत नाही. सामुदायिक प्रतिज्ञा बदलता येते, पण ज्यांनी ती घेतली त्यांना ‘नाही’ म्हणण्याची संधी असतानाच. हे पथ्य पाळले असते तर मुरायामा कदाचित पंतप्रधान झाले नसते, आणि ती शक्यता पत्करण्याची तयारी हीच अशा बदलाच्या प्रामाणिकपणाची कसोटी आहे.