लंगरची पंगत

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये लंगरला, म्हणजे शीख गुरुद्वाऱ्यात सर्वांसाठी असणाऱ्या मोफत जेवणाला, पहिल्यांदाच आलेल्या माणसाला डोके झाकणे, चपला बाहेर काढणे, हात धुऊन रांगेत जमिनीवर बसणे हे चटकन जमते. तो अडखळतो पोळी घेताना. पोळीला तिथे ‘परशादा’ म्हणतात. ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. ऐपत असलेल्या मराठी माणसाला हे जड जाते, कारण हात पसरणे म्हणजे लाचारी, हे त्याच्या भाषेनेच त्याला शिकवले आहे.

इथे खरा प्रश्न उभा राहतो: लंगर हे दान आहे का? दानात देणारा वर आणि घेणारा खाली, हे नाते सहसा सुटत नाही. देणारा कितीही नम्र असला तरी. गुरू नानकांच्या शिकवणीत मात्र कष्ट करणे आणि नामस्मरण यांच्या जोडीला ‘वंड छकणे’ येते, म्हणजे वाटून खाणे. दाणागोटा, पैसा, श्रम असंख्य हातांनी येतो. कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, धर्मकार्यासाठी काढण्याची रीत आहे. शिजलेल्या डाळीत कोणाचे धान्य किती, हे सांगता येत नाही. त्यामुळे जेवणारा कोणा एकाचा मिंधा होत नाही आणि श्रीमंतालाही हात पुढे करणे चुकत नाही. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांनी लंगर सांभाळला. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला आधी पंगत, मग गुरूंची भेट असा दंडक घातला. बादशहा अकबरही त्या पंगतीत बसला, असे परंपरा सांगते.

हा दंडक किती धाडसी होता, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पंगत हा शब्द आपलाच, आणि पंक्तिभेदही आपलाच. जातीचा पहारा सर्वांत कडक होता तो पानावर. अस्पृश्यांना श्राद्धाचे अन्न वाढले म्हणून एकनाथांवर पैठणचा ब्रह्मवृंद कोपला, अशी कथा आहे. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. जिथे भेद पाळला जात होता नेमकी तीच जागा गुरूंनी निवडली. जेवण बाजूला ठेवून केलेला समतेचा उपदेश इतका खोल गेला नसता. 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्यात नामदेव शिंप्याची 61 पदे आहेत, हेही त्या निवडीला धरूनच आहे.

तरी पंगतीने जात पुरती मोडली, असे म्हणता येत नाही. पंजाबातल्या काही गावांत आजही जातवार वेगळे गुरुद्वारे आहेत. एका ओळीत जेवणे सोपे. सोयरीक, जमीन आणि स्मशान अवघड.

जेवण झाल्यावर पैसे कोणी मागत नाही. दानपेटी असते, पण संकोच घालवायला तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी भांडी घासण्याची जागा आहे. तिथे नवख्याला कोणी नाव-गाव विचारत नाही. थोडे सरकून जागा देतात.