दिलेले आणि मिळत राहणारे

जून २०२५ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टांच्या जागतिक क्रमवारीत भारत प्रथमच पहिल्या शंभरात आला. १६७ देशांत ९९ वा. त्यावर एका बाजूने अभिनंदन झाले, दुसऱ्या बाजूने नेपाळ आणि भूतान आपल्या पुढे कसे, असा सवाल आला. हा क्रमांक नेमका कशाचा आहे, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

केवळ राष्ट्रीय उत्पन्नावरून देश जोखू नये, हे १९९० च्या मानव विकास निर्देशांकापासून आपण मान्य केले आहे. २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे त्याच वाटेवरची. हा सारा पाश्चात्त्यांचा डाव आहे, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात हशील नाही. तहान काही पाश्चात्त्य नसते. माझा वाद आहे तो ‘जे मोजले जाते तेच घडते’ असे मानणाऱ्यांशी. ही माणसे अभ्यासू आहेत, तळमळीची आहेत, आणि त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणूनच ते धोक्याचे वाटते.

पाण्याचेच उदाहरण घ्या. बांगलादेशात तळ्यांच्या दूषित पाण्याने मुले दगावत, म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू निर्मळ होता. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडले. पुढे, २०१५ पूर्वीच्या सहस्रक विकास उद्दिष्टांनी स्रोताचा प्रकार मोजला, पाण्याचा गुण मोजला नाही. पाण्याचे जागतिक लक्ष्य २०१० मध्येच गाठले, अशी घोषणा २०१२ साली झाली. तेव्हा हातपंपातून आर्सेनिक येत असले, तरी त्या निकषावर तो ‘सुधारित स्रोत’च होता.

यावर उत्तर येते की निकष सुधारले ना? सुधारले, हे मान्यच. आता पाणी घराच्या आवारात, गरजेच्या वेळी आणि दूषणमुक्त हवे, असे शाश्वत विकासाचे सहावे उद्दिष्ट सांगते. पण निकष कागदावर कितीही नेमका असो, प्रशासन त्यातले सहज मोजता येईल तेच उचलते. आपल्या जल जीवन मिशनची व्याख्या उत्तम आहे: दरडोई रोज ५५ लिटर, नियमित, पिण्यायोग्य. ऑगस्ट २०१९ मध्ये ग्रामीण भागात ३.२३ कोटी घरांत नळ होते, आज १५ कोटींच्या पुढे आहेत. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरावा, यासाठी झालेले हे काम मोठेच आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण गावोगाव मिरवला जातो तो जोडण्यांचा आकडा, लिटरचा नव्हे.

मे महिन्यात मराठवाड्यातल्या टंचाईग्रस्त गावात जा. अंगणात नवी तोटी असते आणि तिच्या शेजारी टँकरची वाट पाहणारे निळे ड्रम. विहीर आटलेली, नाहीतर वीजबिल थकल्यामुळे पंप बंद. पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून बिल थकते, आणि पाणीच येत नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत. यातले काहीही जोडणीच्या आकड्यात दिसत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, तेव्हा लातूरच्या घरांत नळ नव्हते असे थोडेच होते?

म्हणून मला ‘दिलेले’ आणि ‘मिळत राहणारे’ हा भेद मूलभूत वाटतो. दिलेले एकदाच मोजता येते: उद्घाटन झाले, छायाचित्र निघाले, नोंद झाली. मिळत राहणारे पुन्हा पुन्हा मोजावे लागते, आणि दर मोजणीला ते कमी भरू शकते. जे मोजले जाते तेच घडत असेल, तर जोडण्या मोजल्याने पाइप पडतील. विहिरीचे पुनर्भरण, दुरुस्ती, वॉलमनचा पगार मागेच राहतील. मोजणीच्या समर्थकांनी या उरलेल्या अर्ध्याचाही हिशेब द्यायला हवा.

पाण्याची पाहणी मेमध्येच व्हावी, योजना राबवणाऱ्या खात्याबाहेरच्या माणसांनी करावी, आणि पाणी किती दिवस आले नाही याची यादी ग्रामसभेत वाचली जावी. याने आपला क्रमांक कदाचित शंभराबाहेर जाईल. जाऊ द्या.