प्रतीक्षेचे काम कोणाचे?

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की, जगातील बहुतेक वाइनच्या बाबतीत ते खोटे आहे याकडे कोणाचे लक्षही जात नाही. बहुतांश वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते आणि त्यानंतर ती सुधारत नाही, उतरत जाते. ज्या थोड्या वाइनच्या बाबतीत हे विधान खरे ठरते त्यांत पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट प्रमुख आहे. मात्र ती जुनी होईपर्यंत वाट कोणी पाहायची, हा प्रश्न तेथे सहसा विचारला जात नाही.

पोर्टची जुजबी ओळख पुरेशी आहे. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रधानाच्या कारकिर्दीत, १७५६ मध्ये, सीमा आखल्या गेलेल्या डोरो खोऱ्यातील द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षांचा मद्यार्क घालून आंबणे थांबवले जाते, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि वाइनची तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्यात व महाराष्ट्रात ‘पोर्ट’ या नावाने विकली जाणारी स्वस्त गोड लाल वाइन ही निराळी वस्तू असून तिचा येथे विचार नाही.

खरा भेद आहे तो टॉनी आणि व्हिंटेज या दोन प्रकारांत. टॉनी पोर्ट लाकडी पिपांत वर्षानुवर्षे हवेच्या मंद संपर्कात राहून तपकिरी होते आणि १०, २०, ३० किंवा ४० वर्षांचा शिक्का घेऊन पिण्यास तयार अवस्थेतच बाजारात येते. व्हिंटेज पोर्ट एकाच हंगामाच्या द्राक्षांची असते, सुगीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बाटलीत भरली जाते आणि तेव्हा तिचा रंग जवळजवळ काळा, तर टॅनिन, म्हणजे सालीबियांतून येणारा तुरटपणा, अत्यंत उग्र असतो. पुढची वीस-तीस वर्षे तिने खरेदीदाराच्या तळघरात, १२ ते १४ अंश तापमानात, बूच ओले राहावे म्हणून आडवी पडून काढायची असतात. थोडक्यात, टॉनी विकणारा उत्पादक स्वतः घालवलेला काळ विकतो, तर व्हिंटेज विकणारा तो काळ घालवण्याची जबाबदारीच गिऱ्हाइकाकडे सोपवतो.

ही जबाबदारी कोणत्या वर्षी सोपवायची हेही उत्पादकच ठरवतो. दशकातून साधारण तीन वेळा, नियामक संस्थेची मान्यता घेऊन, पोर्टची घराणी व्हिंटेजची ‘घोषणा’ करतात. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठची दोन वर्षे बहुतेक घराण्यांनी घोषित केली ते अपवादात्मक मानले गेले. या घोषणेत केवळ निसर्गाचा कौल असतो असे समजणे मात्र भाबडेपणाचे आहे. १९३१ ची वाइन उत्कृष्ट होती, तरीही बहुसंख्य घराण्यांनी ती घोषित केली नाही, कारण १९२७ चा माल बाजारात पडून होता आणि जागतिक मंदीने ग्राहक नाहीसे झाले होते; ज्या मोजक्यांनी घोषणा केली त्यांत किंटा दो नोव्हाल हे घराणे होते, आणि त्याच्या कलम न केलेल्या वेलींपासून झालेली ‘नॅसिओनाल’ पुढे दंतकथा बनली. चांगले वर्ष आणि घोषित वर्ष या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या खरेदीचा कडवा विरोधक म्हणजे हिशेबी माणूस. त्याच्या मते वीस वर्षांत बाटलीची किंमत दुप्पट झाली तरी चक्रवाढीने तो वर्षाला सुमारे साडेतीन टक्केच परतावा होतो, त्यातून साठवणुकीचे भाडे आणि विमा वजा केला तर हाती फारसे काही उरत नाही. आणि ब्रिटनमधील लिलावांत मुरलेली बाटली बऱ्याचदा नव्या बाटलीच्या आसपासच्या भावात मिळत असताना वाट पाहण्याचे कारणच काय? यावर उत्तर दिले जाते की, लिलावातली बाटली पूर्वी उन्हात राहिली की थंडाव्यात, हे कळत नाही. पण ज्या सरकारमान्य गोदामांत कर न भरता माल ठेवता येतो तेथे बाटलीची नोंद राहते, आणि उलट घरच्या तळघरातही वीज जाते, बूच गळते, मालक घर बदलतो. हिशेबी माणसाचे गणित चुकलेले नाही, हे मान्य करावेच लागते.

तरीही त्याचे एक गृहीतक तपासण्याजोगे आहे, ते म्हणजे विकत घेणारा आणि पिणारा एकच असतो हे. ब्रिटनमधील सधन कुटुंबांत मुलाच्या किंवा धर्मपुत्राच्या जन्माच्या वेळी एक ‘पाइप’, म्हणजे सुमारे ५५० लिटरचे पीप किंवा साठ डझन बाटल्या, साठवून ठेवण्याची प्रथा होती, आणि ती वाइन तो मुलगा एकवीस वर्षांचा झाल्यावर उघडली जाई. घेणारा तोवर बहुधा म्हातारा झालेला असे. ही त्याची गुंतवणूक नव्हती, देणगी होती, आणि देणगीला परताव्याचा दर लावणे गैरलागू आहे. म्हणून निष्कर्ष संयमाच्या रूढ स्तुतीपेक्षा वेगळा निघतो: स्वतःच्या सुखासाठी मुरलेली पोर्ट हवी असणाऱ्याने लिलावातली जुनी किंवा तयार टॉनी घ्यावी, नवी व्हिंटेज आवडत असेल तर तिच्या उग्र, फळाळ तारुण्यातच निःसंकोच प्यावी, आणि तळघरात ठेवण्यासाठी ती केवळ दुसऱ्या कोणाच्या नावाने विकत घ्यावी.