आधी गाऱ्हाणे ऐका

मोठ्या संस्थेचा धर्म कोणता, हुकूम सोडणे की ऐकून घेणे? माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात; गाऱ्हाणे असलेली दिंडी मात्र टाळ वाजवत राहते आणि चोपदारांना तिच्याकडे जावे लागते. एरोमॉडेलिंगच्या, म्हणजे छोटी विमाने बनवून उडवण्याच्या छंदाच्या, राष्ट्रीय संघटनेनेही स्थानिक क्लबांचे गाऱ्हाणे असेच जाऊन ऐकायला हवे. मुंबईतल्या अँटॉप हिलसारख्या दाट वस्तीत मुलांनी बाल्सा लाकडाचे विमान जिद्दीने बनवले, तरी मैदान आणि परवानगी एकट्या क्लबच्या आवाक्यात नसतात. २०२१चे ड्रोन नियम मराठीत समजावणे, सामूहिक विमा काढणे, पालिकेशी मैदानाचे बोलणे हे संघटनेनेच करावे. स्थानिकांचे इतके ऐकले तर शिस्त बिघडेल, हे मला पटत नाही. गाऱ्हाणी ऐकली जातात, तरी दिंड्या आपापल्या क्रमानेच चालतात.